समासातला एक शब्द

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील गाळून):

माझं वय पंचावन्न. जन्मापासून इंग्लंडमध्येच आहे. आई १९६३ साली नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी इथे आली होती. गेल्या वर्षी ती गेली. जाण्याच्या पंधरा दिवस आधी तिने मला सांगितलं, की बाबांशी लग्न होण्याआधी तिला एक मुलगा झाला होता. मार्च १९६५. तिने त्याला सोडून दिलं, दत्तक. ‘बाबांना सांगू नकोस’ एवढंच म्हणाली. ‘शोध’ म्हणाली नाही, ‘शोधू नकोस’ असंही नाही. मग मी जन्मनोंदींची सूची चाळली. ती सगळ्यांना खुली असते. आईच्या माहेरच्या आडनावाची एकच नोंद सापडली. गाव जुळतं, काळही जुळतो. आता मला त्याचं नाव माहीत आहे. फेसबुकवर त्या वयाचे, चेहऱ्याने आईसारखे वाटणारे चौघे जण मी शोधून ठेवलेत. मेसेज लिहून तयार आहे. डीएनएचं किटही मागवलंय. नवरा म्हणतो, झाकलेलं उकरू नकोस. मी म्हणते, सरकारी नोंद आहे, कुणालाही बघता येते, मग यात चूक काय? तो माझा भाऊ आहे. आपली आई कोण हे त्याला कळायला नको का? बाबा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत.

---

ताई,

मेसेज अजून गेला नसेल तर तो तसाच राहू द्या. शोध सोडून द्या असं मी म्हणत नाही. आपल्या आईच्या पोटचा आणखी एक माणूस या जगात कुठेतरी आहे हे पंचावन्नाव्या वर्षी कळल्यावर हातावर हात ठेवून कोण बसेल? पण तुम्ही धरलेल्या वाटेने तो सापडण्याची शक्यता थोडी आहे आणि कुणीतरी दुखावण्याची फार. दुसरी वाट आहे, आणि कायद्याने ती तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे.

आधी तुमच्या हाती नेमकं काय लागलंय ते पाहू. इंग्लंड-वेल्समध्ये जुलै १८३७ पासून जन्मांची सरकारी नोंद होते आणि तिची सूची कुणालाही चाळता येते. १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून त्या सूचीत बाळाच्या नावाशेजारी आईचं माहेरचं आडनावही येतं. दोन्ही आडनावं एकच दिसली, की बहुतेक वेळा बाळाच्या वडिलांचं नाव नोंदलेलं नसतं. तुम्ही तेच पाहून नोंद ओळखली असणार, आणि ती बरोबर असावी. पण ते नाव त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या काही आठवड्यांचं आहे. त्या काळच्या कायद्यात बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत दत्तकासाठी आईने दिलेली संमती ग्राह्यच धरत नसत. जन्म मात्र सहा आठवड्यांच्या आत नोंदवावा लागे. म्हणून नोंद तिच्या आडनावाने झाली. पुढे न्यायालयाचा दत्तकाचा आदेश निघाला, की बाळाची नवी नोंद अ‍ॅडॉप्टेड चिल्ड्रन रजिस्टर या वेगळ्या रजिस्टरात होई (ते १९२७ पासूनचं आहे). तिथे आडनाव नव्या आईवडिलांचं, आणि बहुतेकदा पाळण्यातलं नावही नवं. या दोन नोंदींना जोडणारा दुवा रजिस्ट्रार जनरलकडे, म्हणजे या सरकारी नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, असतो आणि तो लोकांसाठी खुला नाही.

म्हणजे जी नोंद खुली आहे ती तुमच्या आईच्या बाळंतपणाची. त्या बाळाचा पुढे जो माणूस झाला, त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता कायद्याने जाणूनबुजून बंद ठेवला आहे, आणि फेसबुकवरच्या चेहऱ्यांवरून तो ओलांडता येणार नाही.

त्या चौघांचा विचार करा. चौघेही साठी ओलांडलेले. त्यांतले किमान तिघे तुमचे भाऊ नाहीत, हे तर तुम्हीही मान्य कराल. बहुधा चौघेही नसतील. आणि तुमचा मेसेज मात्र चौघांनाही जाणार. कुणा एकाची आई नुकतीच वारली असेल, कुणाचं आईवडिलांशी कधी पटलंच नसेल. त्याला अनोळखी बाईकडून कळणार की कदाचित ते त्याचे जन्मदाते नव्हतेच. पुढे तुम्ही ‘माफ करा, चूक झाली’ असं लिहाल. पण मनात गेलेली शंका अशा माफीने निघत नाही. आई गेल्यावर माणसाला गर्दीत जिथे तिथे आईचा चेहरा दिसतो, ताई. तो शोकाचा भाग आहे. त्याला पुरावा समजू नका.

आता समजा चौघांतला एक खरंच तो असला, तर? त्याला दत्तक असल्याचं माहीत असेलच असं तुम्ही गृहीत धरलंय. साठीला पोचलेल्या माणसाला ते माहीत नसणं तुम्हाला अशक्य वाटेल, पण तसं नाही. १९४७ पासून इंग्लंडमध्ये आईवडिलांची नावं नसलेला आखूड जन्मदाखला मिळू लागला. विवाहबाह्य जन्म किंवा दत्तक असणं दाखल्यावरून उघड होऊ नये, हा त्यामागचा एक हेतू होता. अशा दाखल्यावर शाळा, नोकरी, बरंच काही पार पडतं. उतारवयात, आईवडिलांच्या पश्चात कागद चाळताना किंवा डीएनए चाचणीतून हे पहिल्यांदा कळलेली माणसं आहेत. तुमचा मेसेज त्याच्यासाठी ती पहिली बातमी ठरू शकतो, आणि त्याच मेसेजात दुसरी बातमीही असणार: ज्या आईबद्दल आत्ता कळलं, ती गेल्या वर्षी वारली. मिळणं आणि गमावणं एका ओळीत, फोनच्या पडद्यावर, कदाचित बसमध्ये. हे तुम्हाला नको असणार याची मला खात्री आहे.

आणखी एक गृहीतक आहे, ते तुमच्या लक्षातही आलं नसेल. तो दत्तक गेलाच, हे कशावरून? आईने ‘दत्तक दिला’ म्हटलं म्हणून. त्या मुलींना तेव्हा जेवढं सांगितलं गेलं तेवढंच त्यांना माहीत असे. १९६० च्या दशकात गोऱ्या नसलेल्या किंवा मिश्र वंशाच्या बाळांना इंग्लंडमध्ये दत्तक घर मिळणं अवघड जायचं. इतकं, की १९६५ मध्ये ब्रिटिश अ‍ॅडॉप्शन प्रोजेक्ट नावाचा उपक्रम याच बाळांना घरं मिळू शकतात का हे पाहण्यासाठी सुरू झाला. कित्येक मुलं बालगृहांत किंवा फॉस्टर (दत्तक न घेता सांभाळ करणाऱ्या) कुटुंबांत वाढली, न्यायालयाचा आदेश कधी निघालाच नाही. तसं झालं असेल तर त्याचं नाव बदललेलं नसेल, आणि शोधाची सगळी पद्धतच वेगळी होईल.

हे कळायचा एक सोपा मार्ग आहे आणि तो खुल्या नोंदींतूनच जातो, म्हणून तुमच्या स्वभावाला मानवेल. सूचीतल्या नोंदीवरून जनरल रजिस्टर ऑफिसकडून, म्हणजे या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, जन्माचा पूर्ण दाखला कुणालाही मागवता येतो. दत्तकाचा आदेश निघाला असेल, तर मूळ नोंदीच्या समासात ‘अ‍ॅडॉप्टेड’ असा शेरा असतो. एवढा एकच शब्द. नवं नाव नाही, कोणाच्या घरी गेला ते नाही. पण पुढचा रस्ता त्या शब्दावर ठरतो. त्याच दाखल्यात नोंद करायला कोण गेलं होतं आणि त्यांचा राहण्याचा पत्ता काय, हेही असतं. तो पत्ता अविवाहित मातांसाठीच्या एखाद्या आश्रमाचा निघू शकतो. असे आश्रम बहुतेक चर्चशी किंवा धर्मादाय संस्थांशी जोडलेले असत, आणि त्यांची कागदपत्रं कधी कधी त्या भागाच्या अभिलेखागारात जपलेली असतात.

शेरा असेल तर पुढे दोन गोष्टी करायच्या.

पहिली, अ‍ॅडॉप्शन काँटॅक्ट रजिस्टरमध्ये आपलं नाव घालायचं. हे रजिस्टर १९९१ पासून आहे. त्याच्या एका भागात दत्तक गेलेली माणसं नाव नोंदवतात, दुसऱ्या भागात रक्ताचे नातेवाईक. दोन्हीकडची नोंद जुळली, की तुमचं नाव आणि पत्ता त्याला कळवतात. त्याचा पत्ता तुम्हाला देत नाहीत. कळवलं आहे एवढंच सांगतात. पत्र लिहायचं की नाही, कधी लिहायचं, हे तो ठरवतो. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. दाराची कडी त्याच्या बाजूला आहे आणि तुम्ही बाहेर आपलं नाव लिहून ठेवलंय. त्याने आधीच तिथे नाव नोंदवून ठेवलं असेल, तर सगळं काम एका अर्जात होईल. संपर्क नको, असंही तिथे नोंदवता येतं.

दुसरी वाट मध्यस्थ संस्थेची. २००२ च्या दत्तक कायद्याने, ३० डिसेंबर २००५ पासून, त्या तारखेआधी दत्तक गेलेल्यांच्या जन्मकुटुंबातल्या नातेवाइकांना, म्हणजे बहिणीलाही, अशा संस्थेकडे अर्ज करता येतो. संस्था रजिस्ट्रार जनरलकडून दोन नोंदींना जोडणारा तो दुवा मागू शकते, माणूस शोधते, त्याच्याशी जपून संपर्क साधते आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचं नाव-गाव तुम्हाला सांगत नाही. त्याने आधीच नकार नोंदवून ठेवला असेल, तर तोही पाळला जातो. इंग्लंडमध्ये ऑफस्टेडकडे (मुलांसाठीच्या सेवांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा) नोंदणी असलेलीच संस्था निवडा, शुल्क आधी विचारा, आणि महिने लागतील असं धरून चाला. अनुभवी मध्यस्थ पहिलं पत्र असं लिहितात, की घरातल्या दुसऱ्या कुणी उघडलं तरी गुपित फुटू नये. तुम्हाला एका रात्रीत जमलेला मजकूर त्यांना वर्षांच्या सरावाने जमतो, आणि त्यातला फरक वाचणाऱ्याला कळतो.

डीएनएबद्दल माझं मन दोन्हीकडे जातं. त्याने स्वतःहून अशी चाचणी करून घेतली असेल, तर तोही शोधतोय असं म्हणता येईल, आणि मग ते काँटॅक्ट रजिस्टरपेक्षा फार वेगळं नाही. पण बहुधा तो नसेल. त्याची मुलगी असेल, किंवा नातू, ज्याला कुणीतरी वाढदिवसाला किट दिलं. मग तुमचं नाव त्याच्या आधी तिच्यासमोर येईल आणि घरातली सगळ्यात अवघड गोष्ट बापाला लेकीने सांगायची पाळी येईल. शिवाय एकाच आईच्या पण वेगळ्या वडिलांच्या भावंडांचा सुमारे २५ टक्के डीएनए जुळतो, आणि साधारण तेवढाच आत्या, मावशी, काका, मामा, आजी-आजोबांशीही जुळतो. आकडा पाहून नातं ठरवण्यात फसगत होते. किट आलंच असेल तर कपाटात ठेवा. मध्यस्थाची वाट संपली आणि काहीच हाती आलं नाही, तर तेव्हा विचार करा.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडले. ‘आईने त्याला सोडून दिलं.’ हा शब्द आईचा की तुमचा? २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीने या विषयावर अहवाल दिला. १९४९ ते १९७६ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये अविवाहित मातांची सुमारे १,८५,००० मुलं त्यांच्यापासून काढून घेऊन दत्तक दिली गेली, असं त्यात म्हटलंय. कुटुंब, चर्च, डॉक्टर, समाजसेवक, सगळीकडून दबाव. सही आईची असे, निर्णय तिचा असेच असं नाही. स्कॉटलंडच्या आणि वेल्सच्या सरकारांनी २०२३ मध्ये या मातांची माफी मागितली. तुमची आई तेव्हा जेमतेम विशीतली, परक्या देशात, प्रशिक्षण संपलेलं नाही, माहेर हजारो मैलांवर. तिला कुणी काय विचारलं, काय सांगितलं, हे आता तिच्याकडून कळणार नाही. म्हणून त्या मुलाला तुम्ही कधी काही लिहिलंत, तर ‘सोडून दिलं’ हा शब्द लिहू नका. तो शब्द त्याने साठ वर्षं मनात वागवला असण्याची शक्यता आहे.

तुम्ही म्हणता, त्याला आपली आई कोण हे कळायला नको का? कळायला हवं, त्याला हवं असेल तर. १९७५ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये दत्तक गेलेल्यांना सज्ञान झाल्यावर आपली मूळ जन्मनोंद मागण्याचा हक्क दिला. १२ नोव्हेंबर १९७५ पूर्वी दत्तक गेलेल्यांना मात्र आधी समुपदेशकाला भेटावं लागतं, कारण त्या काळच्या मातांना गुप्तता कायमची राहील असं सांगितलेलं होतं. म्हणजे १९८३ पासून त्याच्यासाठी रस्ता होता. तो आला नाही, याचे अर्थ किती तरी निघतात. त्याला माहीतच नसेल. ज्यांनी वाढवलं त्यांचं मन मोडायचं नसेल. किंवा त्याने सगळं पाहिलं असेल: जन्मनोंद, मग आईच्या लग्नाची नोंद, कारण तीही खुलीच असते, आणि तिचा संसार पाहून तो परत फिरला असेल. ज्या सूचीतून तुम्ही त्याच्याकडे निघालात, त्याच सूचीतून तोही तुमच्या घरापर्यंत कधी येऊन गेला नसेल कशावरून?

बाबांबद्दल. आई ‘सांगू नकोस’ म्हणाली, यावरून त्यांना माहीत नाही असा अर्थ तुम्ही काढलात. कदाचित तसंच असेल. कदाचित त्यांना पन्नास वर्षांपासून माहीत असेल आणि दोघांनी कधी त्या विषयाला हात लावायचा नाही असं ठरवलं असेल. दाखला मागवायला आणि रजिस्टरात नाव घालायला त्यांना काही सांगायची गरज नाही. पण मध्यस्थ संस्थेचं पत्र निघण्याआधी मी तुमच्या जागी असते तर त्यांच्याशी बोलले असते. मृत आईला दिलेला शब्द मोडणं सोपं नाही, हे मी समजते. तरीही उद्या तो माणूस भेटायला तयार झाला, तर तुम्ही त्याला काय सांगणार? माझ्या घरी येऊ नकोस, बाबा आहेत? त्याला पुन्हा एकदा कुणाचं तरी गुपित व्हायला लावणार? बाबांची तब्येत हे ऐकण्याजोगी नसेल, तर मध्यस्थाची वाट थोडी पुढे ढकला. काँटॅक्ट रजिस्टरातलं नाव तोवर तिथे राहील.

तुमचे यजमान ‘झाकलेलं उकरू नकोस’ म्हणतात, त्यातली काळजी खरी आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. आईने ते स्वतःच उघडलं. पंधरा दिवस उरले असताना तिने हे सांगितलं, म्हणजे आपल्यामागे कुणाला तरी तो माहीत असावा एवढं तरी तिला वाटत होतं. यापलीकडे तिची इच्छा काय होती, हे तुम्ही-मी ठरवू नये. शोध घ्यायचा तर तो स्वतःच्या नावाने घ्या, ‘आईची शेवटची इच्छा’ म्हणून नको. त्या ओझ्याखाली त्याला नाही म्हणणं अवघड होईल.

या वाटेवरच्या इतर वाचकांसाठी थोडं. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे आणि इथलं तिथे लागू पडत नाही. अमेरिकेत तो राज्यागणिक बदलतो: कॅन्सस आणि अलास्काने सज्ञान दत्तकांसाठी मूळ दाखला कधी बंदच केला नाही, ऑरेगनमध्ये तो १९९८ च्या सार्वमतामुळे खुला झाला, न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२० मध्ये. आयर्लंडने २०२२ मध्ये कायदा करून तो दिला. भारतात दत्तक नियमावली, २०२२ प्रमाणे ‘मूळ शोध’ दत्तक गेलेली व्यक्तीच घेऊ शकते, अठरा पूर्ण झाल्यावर स्वतंत्रपणे. तिच्या वतीने तिसऱ्या कुणी शोध घेण्याला परवानगी नाही. तिथे बहिणीला अशी वाट नाही, आणि ‘आम्ही रेकॉर्ड काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहावं.

तुमच्या मसुद्याकडे परत येते. तो फाडू नका. त्यातलं आईबद्दलचं जे आहे ते वेगळं काढून लिहून ठेवा: ती कशी हसायची, कुठल्या वॉर्डात काम केलं, तिला कोणते आजार होते, कशाने गेली. आजारांचं तर आजच लिहा. साठीच्या माणसाला ते डॉक्टरला सांगता येईल. तिचे दोन फोटो निवडा, एक १९६५ च्या आसपासचा. बाकी मजकूर चार ओळींचा पुरे, साधारण असा: ‘माझ्या आईला मार्च १९६५ मध्ये मुलगा झाला होता. मी तिची नंतरची मुलगी. ती आता नाही. तिच्याबद्दल तुम्हाला जे विचारायचं असेल ते मी सांगेन. काहीच विचारायचं नसेल तर मी पुन्हा लिहिणार नाही.’ शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळावं लागेल, म्हणून ते आपल्याला झेपेल का हे आधी पाहा. नकार आला, किंवा तो हयात नाही असं कळलं, तर तुम्ही कोणाकडे जाऊन रडणार, हेही आधी ठरवा.

या आठवड्यात एकच करा: पूर्ण दाखला मागवा, आखूड नको. तो आला की एकट्या उघडू नका. यजमानांना शेजारी बसवा. उकरू नकोस म्हणणाऱ्या माणसालाही तुमच्या आईचं नाव त्या रकान्यात पाहू द्या. मग समासाकडे बघा आणि तिथे काय लिहिलंय ते मला कळवा.